फिबाची नियमपुस्तिका आणि ‘अधिकृत अर्थनिर्णय’: सीमारेषा व थ्रो-इन शिकण्यासाठी कितपत उपयोगी?

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, अर्थात फिबा, खेळाचे अधिकृत नियम आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून देतो, आणि त्यांच्या जोडीला ‘अधिकृत अर्थनिर्णय’ ही दुसरी पुस्तिकाही देतो, जिच्यात प्रत्यक्ष सामन्यात उद्भवणारे प्रसंग घेऊन पंचाने काय निर्णय द्यावा हे सांगितलेले असते. या दोन्ही पुस्तिकांचे परीक्षण येथे केवळ एका विषयापुरते केले आहे: चेंडू किंवा खेळाडू सीमारेषेबाहेर जाणे आणि त्यानंतरचा थ्रो-इन, म्हणजे बाहेरून चेंडू पुन्हा मैदानात टाकणे. हा विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. नवशिक्या पंचाला पहिल्याच सामन्यात पुन्हा पुन्हा शिट्टी वाजवावी लागते ती याच प्रसंगी, आणि प्रेक्षकांतून ‘आमचा बॉल!’ अशी ओरड होते तीही बहुधा याच निर्णयावर. जी पुस्तिका हा विषय नीट शिकवत नाही, तिच्यातील बाकीची कलमे पाठ करून पंचाला मैदानावर फारसा आधार मिळत नाही.

नियमपुस्तिकेत आठ विभाग आणि पन्नास कलमे आहेत. सीमेबाहेरचा खेळाडू व सीमेबाहेरचा चेंडू हा विषय नियमभंगांच्या पाचव्या विभागात, 23व्या कलमात येतो; थ्रो-इन मात्र खेळाच्या सर्वसाधारण नियमांच्या चौथ्या विभागात, 17व्या कलमात आहे. म्हणजे मैदानावर जी गोष्ट एका श्वासात घडते, शिट्टी वाजते, दिशा दाखवली जाते आणि चेंडू पुन्हा आत येतो, ती पुस्तिकेत दोन ठिकाणी विभागली गेली आहे, आणि तीही उलट्या क्रमाने. एवढ्यावरही भागत नाही. हवेत असलेला खेळाडू कोठे आहे असे मानायचे हे 11व्या कलमात, शेवटचा स्पर्श कोणाचा याबद्दल शंका असेल तर काय करायचे हे 12व्यात, चेंडू आत आल्यावर तो पुढच्या अर्ध्यात नेण्याचे आठ सेकंद, शॉट मारण्याचे चोवीस सेकंद आणि चेंडू पुन्हा मागच्या (स्वतःच्या बास्केटकडील) अर्ध्यात न आणण्याचा नियम 28 ते 30 या कलमांत, आणि बचाव करणाऱ्याने आगळीक केली तर होणारी शिक्षा आणखी पुढे फाउलच्या विभागात. ज्याला नियम आधीच ठाऊक आहेत त्याला संदर्भ म्हणून ही मांडणी चालते. शिकणाऱ्याची मात्र ती दमछाक करते, आणि या पुस्तिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मांडणी बाजूला ठेवली, तर 23व्या कलमाची भाषा वाखाणण्यासारखी आहे. मैदान 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद, भोवतीच्या रेषा 5 सेंटिमीटर जाडीच्या, आणि या रेषा मैदानाचा भाग नाहीत, इतके एकदा मनात पक्के झाले की रेषेवर पाय पडला तो खेळाडू बाहेर, हा निर्णय आपोआप येतो. पण कलम त्यापुढे जाऊन एक बारीक अपवाद नोंदवते: खेळाडूचा देह रेषेवरील, रेषेवरच्या अवकाशातील किंवा रेषेबाहेरील जमिनीला अथवा कोणत्याही वस्तूला लागला तर तो बाहेर, परंतु ती ‘वस्तू’ दुसरा खेळाडू असेल तर नाही. चेंडूच्या बाबतीत बोर्डाचा आधारखांब, बोर्डाची मागची बाजू आणि मैदानावर लोंबणारी कोणतीही वस्तू यांचा स्पर्शही बाहेर जाण्यासारखाच धरला जातो. बोर्डाची मागची बाजू आणि पुढची बाजू यांतला हा फरक अनेक वर्षे खेळलेल्या खेळाडूंनाही माहीत नसतो, आणि बोर्डाच्या मागे आपटलेला चेंडू हातात घेऊन ते निश्चिंतपणे पुढे निघतात.

अर्थनिर्णयांच्या पुस्तिकेची खरी किंमत याच कलमापाशी कळते. तिची पद्धत ठरलेली आहे: आधी एका वाक्यात तत्त्व, मग अ संघाचा पहिला खेळाडू आणि ब संघाचा पहिला खेळाडू अशा निनावी पात्रांचा एक प्रसंग, आणि मग निर्णय. एका प्रसंगात चेंडू हातात असलेला खेळाडू साइडलाइनजवळ (मैदानाच्या लांबीकडील रेषेजवळ) उभा आहे आणि त्याला चिकटून बचाव करणाऱ्याचा एक पाय रेषेबाहेर आहे. चेंडूवाल्याचे अंग त्या बचावपटूला लागते. निर्णय असा की खेळ चालू राहील, कारण सीमेबाहेर असलेल्या खेळाडूचा स्पर्श हा सीमेचा स्पर्श नव्हे. दुसऱ्या प्रसंगात ड्रिबल करताना (चेंडू जमिनीवर आपटत नेताना) चेंडू उंच उसळून स्कोअररच्या टेबलाजवळ बदलीसाठी बसलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या गुडघ्याला लागतो आणि परत ड्रिबल करणाऱ्याच्या हातात येतो. येथे चेंडू बाहेर गेला असेच मानले जाते, आणि तो मिळतो प्रतिस्पर्ध्यांना. पहिल्या वाचनात हा निर्णय खटकतो, कारण चेंडू लागला तो प्रतिस्पर्ध्याच्याच माणसाला. पण बदलीसाठी बसलेला तो त्या क्षणी खेळाडू नाही, बाहेरची व्यक्ती आहे. मैदानावरच्या खेळाडूंपैकी चेंडूला शेवटचा हात लागला तो ड्रिबल करणाऱ्याचा. त्याच जागी बचाव करणारा मैदानातला खेळाडू एक पाय रेषेवर ठेवून उभा असता आणि चेंडू त्याला लागला असता, तर चेंडू बाहेर घालवल्याचा दोष त्याच्यावर आला असता आणि चेंडू ड्रिबल करणाऱ्याच्या संघाकडेच राहिला असता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की 23व्या कलमातील ‘चेंडू कोणामुळे बाहेर गेला’ हा भाग जितका उलगडतो, तितका तो मूळ कलम कितीही वेळा वाचून उलगडत नाही.

11व्या कलमातील हवेतील खेळाडूचा नियमही येथे जोडून वाचावा लागतो. उडी मारलेला खेळाडू जमिनीला परत टेकेपर्यंत जेथून उडाला तेथेच आहे असे मानले जाते, म्हणून रेषेच्या आतून झेप घेऊन बाहेर जाणारा चेंडू हवेतच आत ढकलणारा खेळाडू निर्दोष असतो, मग तो नंतर प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन का पडेना. पंचाला चेंडू लागला तर पंच जेथे उभा आहे तेथील जमिनीलाच चेंडू लागला असे धरायचे, हेही त्याच कलमात आहे. रेषेबाहेर उभ्या असलेल्या पंचाने ते विसरून चालत नाही.

मग येतो नेहमीचा वाद: शेवटचा हात कोणाचा? 23वे कलम फक्त तत्त्व सांगते, की ज्याचा शेवटचा स्पर्श त्याने चेंडू बाहेर घालवला. पण दोघांचे हात एकाच क्षणी लागले, पंचाला दिसलेच नाही, किंवा दोन पंचांनी दोन दिशा दाखवल्या, तर काय, याचे उत्तर शोधायला अकरा कलमे मागे जाऊन 12व्या कलमात शिरावे लागते. तेथे ही जंप बॉलची, म्हणजे चेंडू कोणाचा हे ठरत नसल्याची, स्थिती ठरवली आहे आणि आलटून-पालटून ताबा देण्यासाठी टेबलावर ठेवलेल्या बाणाची दिशा ज्या संघाकडे असेल त्याला चेंडू मिळतो. हे एक वाक्य 23व्या कलमाखाली पुन्हा छापले असते तर कागद किती वाढला असता? नवख्या पंचाला नेमक्या याच माहितीची सर्वाधिक गरज असते, कारण अंदाजाने दिलेला निर्णय आणि बाणाने दिलेला निर्णय यांत फार मोठा फरक आहे. पहिल्यावर दोन्ही संघ भांडतात, दुसऱ्यावर सहसा कोणी भांडत नाही. वेळेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत, रिप्लेची सोय असलेल्या सामन्यांत चेंडू कोणी बाहेर घालवला हे पंचांना चित्रफितीवर पाहता येते. आपल्याकडील जिल्हा व शालेय स्पर्धांत ती सोय नसते, त्यामुळे तेथे बाणाचे महत्त्व अधिकच.

17वे कलम लांब आहे आणि काही ठिकाणी उत्तम आहे. थ्रो-इन करणाऱ्याला पाच सेकंदांची मुदत आहे. जेम्स नेस्मिथने 1891च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे खेळाचे जे मूळ तेरा नियम लिहिले, त्यांतही बाहेरून चेंडू टाकणाऱ्याला पाच सेकंदच दिलेली होती. मात्र त्या वेळी बाहेर गेलेला चेंडू ज्याच्या हाती आधी लागेल त्याचा होता. त्यामुळे काय झोंबाझोंबी होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. आजच्या कलमात चेंडू हातात असताना मैदानात पाऊल टाकायचे नाही, आत टाकलेला चेंडू दुसऱ्या कोणाला लागण्यापूर्वी स्वतः मैदानात शिवायचा नाही, थेट बास्केटमध्ये टाकायचा नाही आणि पंचाने दाखवलेल्या जागेपासून दोन्ही बाजूंना मिळून एकूण एक मीटरपेक्षा जास्त आडवे सरकायचे नाही. मागे मात्र जागा असेल तितके जाता येते.

येथे एक गोष्ट कलमात शब्दशः आहे, पण डोळ्यांत भरत नाही. मैदानात पाऊल टाकण्यास मनाई आहे. रेषेवर पाय ठेवण्यास नाही. रेषा मैदानाचा भाग नाही, म्हणून ज्या रेषेला ड्रिबल करणाऱ्याचा बूट लागला की शिट्टी वाजते, त्याच रेषेवर थ्रो-इन करणारा निवांत उभा राहू शकतो. नियम दोन्ही ठिकाणी एकच आहे, फक्त खेळाडू रेषेच्या कोणत्या बाजूने आला एवढाच फरक. तरीही शालेय सामन्यांत थ्रो-इन करणाऱ्या मुलाचा अंगठा रेषेवर आला म्हणून चेंडू प्रतिस्पर्ध्यांना दिला जाताना हमखास दिसते. या एका बाबीसाठी एक छोटी आकृती दिली असती तर शेकडो चुकीच्या शिट्ट्या वाचल्या असत्या. पुस्तिकेत मैदानाची मापे दाखवणाऱ्या आकृत्या नेटक्या आहेत, पंचांच्या खुणांची चित्रेही स्पष्ट आहेत; पण थ्रो-इनच्या पायांचे चित्र नाही.

बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन वेगळा आहे, आणि हा भाग कलमाने स्वच्छ सांगितला आहे. ज्यांच्यावर गुण झाला त्या संघाचा कोणताही खेळाडू आपल्या बेसलाइनच्या (बास्केटमागच्या रेषेच्या) मागे कोठूनही चेंडू टाकू शकतो, आडवा धावू शकतो, आणि बाहेरच उभ्या असलेल्या सहकाऱ्याला चेंडू देऊही शकतो. मात्र पाच सेकंदांची मोजणी पहिल्या खेळाडूच्या हाती चेंडू आला तेव्हापासूनच चालू असते. उलट, अर्थनिर्णयांत दिलेला एक प्रसंग सांगतो की थ्रो-इन करणाऱ्याने मैदानातील सहकाऱ्याच्या हातात चेंडू नुसता सोपवला तर तो नियमभंग आहे, कारण थ्रो-इन वैध ठरण्यासाठी चेंडू हातातून सुटला पाहिजे. लहान मुलांच्या सामन्यांत हे सतत घडते आणि क्वचितच पकडले जाते.

थ्रो-इनची जागा ठरवण्याचा भाग मात्र मला निराश करणारा वाटला. सर्वसाधारण नियम साधा आहे: जेथे नियमभंग झाला किंवा खेळ थांबला त्याच्या सर्वांत जवळची जागा, फक्त बोर्डाच्या थेट मागची सोडून. पण त्यानंतर अपवादांची रांग लागते. दुसऱ्या क्वार्टरपासून प्रत्येक क्वार्टर स्कोअरर टेबलाच्या समोरच्या बाजूस मध्यरेषेच्या वाढीव भागावर, एक पाय अलीकडे व एक पलीकडे ठेवून सुरू होतो. अवैध ठरलेले बास्केट असेल तर फ्री थ्रो रेषेच्या (फाउलनंतरचा विनाअडथळा शॉट जेथून मारतात तिच्या) वाढीव भागावरून. टेक्निकल फाउलनंतर (शारीरिक संपर्काऐवजी गैरवर्तनाबद्दलच्या फाउलनंतर) त्या वेळी चेंडू जेथे होता त्याच्या जवळून. अनस्पोर्ट्समनलाइक (खेळभावनेविरुद्धच्या) किंवा डिसक्वालिफाइंग (खेळाडूला बाद ठरवणाऱ्या) फाउलनंतर पुढच्या अर्ध्यातील थ्रो-इन रेषेवरून. ही थ्रो-इन रेषा म्हणजे टेबलासमोरच्या साइडलाइनला बाहेरून काढलेली 15 सेंटिमीटरची छोटी खूण, जिची बाहेरची कड जवळच्या बेसलाइनच्या आतील कडेपासून 8.325 मीटरवर असते. आपल्याकडील अनेक सिमेंटच्या मैदानांवर ती रंगवलेलीच नसते, आणि पंचाला पावलांनी अंदाज घ्यावा लागतो. हे सर्व प्रसंग एका तक्त्यात मांडता आले असते. पुस्तिकेने ते उपकलमांच्या परिच्छेदांत ठेवले आहेत, त्यामुळे सामन्याच्या आदल्या रात्री उजळणी करणाऱ्या पंचाला स्वतःच तक्ता तयार करावा लागतो.

शेवटच्या दोन मिनिटांचा भाग हा या विषयातील सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि दोन्ही पुस्तिका एकत्र वाचल्याशिवाय तो कळत नाही. थ्रो-इन होत असताना बचाव करणाऱ्याने रेषेच्या पलीकडे हात किंवा शरीराचा कोणताही भाग न्यायचा नाही, हे नेहमीच लागू आहे. त्या दोन मिनिटांआधी तसे झाले तर अर्थनिर्णयानुसार त्या खेळाडूला ताकीद द्यायची, ती त्याच्या प्रशिक्षकाला कळवायची, ती ताकीद उरलेल्या सामन्यासाठी साऱ्या संघाला लागू धरायची, आणि थ्रो-इन पुन्हा करू द्यायचा; पुढे कोणी तेच केले तर टेक्निकल फाउल होऊ शकतो. पण चौथ्या क्वार्टरच्या व जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत पंच चेंडू देतानाच रेषेला समांतर हात फिरवून इशारा देतो, आणि त्यानंतर रेषा ओलांडणाऱ्यावर थेट टेक्निकल फाउल लागतो. अर्थनिर्णयांतील आणखी एक बारकावा असा की थ्रो-इन करणाऱ्याचे हात चेंडूसह रेषेच्या आत आले, तरी चेंडू त्याच्या हातात असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही ही जबाबदारी बचाव करणाऱ्याचीच आहे. पुष्कळ प्रशिक्षक याच्या नेमके उलटे शिकवतात.

त्याच काळासाठी 2022च्या आवृत्तीत ‘थ्रो-इन फाउल’ ही नवी कल्पना आली: चेंडू अजून पंचाच्या किंवा थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असताना बचाव करणाऱ्या संघाने मैदानात फाउल केला, तर सांघिक फाउलांची संख्या काहीही असो, एक फ्री थ्रो आणि पुन्हा चेंडू. त्याआधी अशा फाउलला अनस्पोर्ट्समनलाइकची कठोर शिक्षा होती, आणि ती सौम्य केली हे माझ्या मते योग्यच झाले. याच दोन मिनिटांत मागच्या अर्ध्यातून थ्रो-इन मिळालेल्या संघाने टाइम-आउट घेतला, तर खेळ तेथूनच सुरू करायचा की पुढच्या थ्रो-इन रेषेवरून, हे त्यांचा प्रशिक्षक ठरवतो. पुढून घेतल्यास शॉट क्लॉकवर (शॉट मारण्याची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) चौदाहून जास्त सेकंद उरले असले तरी चौदाच मिळतात. घड्याळात 0.3 सेकंद असेल तर चेंडू पकडून शॉट मारता येतो, 0.2 किंवा 0.1 असेल तर केवळ टॅप (चेंडू न पकडता हाताने ढकलणे) किंवा थेट डंक (वरून बास्केटमध्ये कोंबणे), हा नियम पुन्हा 16व्या कलमात, गुणांच्या संदर्भात दडलेला आहे.

मागच्या अर्ध्यातील परतीच्या नियमाचा थ्रो-इनशी असलेला संबंध हा कसोटीचा प्रश्न म्हणून परीक्षेत विचारावा इतका चांगला आहे. थ्रो-इन करणाऱ्याच्या हाती चेंडू आला की त्या संघाचा चेंडूवर ताबा सुरू होतो. म्हणून पुढच्या अर्ध्यातून उडी मारून सहकाऱ्याने हवेत चेंडू पकडला आणि मागच्या अर्ध्यात पाय टेकवले, तर फिबाच्या नियमांत तो नियमभंग आहे. अमेरिकेतील शाळांच्या नियमांत मात्र थ्रो-इनच्या वेळी ही सवलत आहे. न्यू जर्सीत शिकणारा भाचा सुट्टीत पुण्याला येऊन मामाशी या मुद्द्यावर हुज्जत घालू लागला, तर दोघेही आपापल्या पुस्तिकेप्रमाणे बरोबर असतील. इंटरनेटवरील अमेरिकन चित्रफिती पाहून नियम शिकणाऱ्या आपल्या खेळाडूंनी हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी फिबाची पुस्तिका उघडण्यास पर्याय नाही.

पंचाने उभे कोठे राहायचे याबद्दल या दोन्ही पुस्तिका जवळजवळ गप्प आहेत. चेंडू देताना पंच खेळाडूपासून चार मीटरपेक्षा दूर नसेल तर चेंडू टाकून किंवा टप्पा देऊनही देऊ शकतो, इतके 17व्या कलमात आहे. पण दोन पंचांत कोणती रेषा कोणाची, हे फिबाच्या पंचांसाठीच्या स्वतंत्र मार्गदर्शिकेत पाहावे लागते, जेथे आक्रमणाच्या दिशेने पाहता बेसलाइन आणि उजवीकडील साइडलाइन पुढच्या (बेसलाइनजवळच्या) पंचाकडे, तर मध्यरेषा आणि डावीकडील साइडलाइन मागच्या (खेळाच्या मागे राहणाऱ्या) पंचाकडे दिलेली आहे. दोघांनी एकाच चेंडूवर दोन दिशा दाखवण्याचे प्रसंग टाळायचे तर नियम पाठ असण्यापेक्षा ही वाटणी पाठ असणे अधिक कामाचे ठरते.

आपल्या परिस्थितीशी थेट भिडणारा एक नियमही नोंदवावासा वाटतो. रेषा आणि बाहेरचा अडथळा यांत दोन मीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर बचाव करणाऱ्याने थ्रो-इन करणाऱ्यापासून किमान एक मीटर दूर राहायचे असते. कुंपणाची जाळी, पायऱ्या किंवा शाळेची भिंत रेषेला लागून असलेली मैदाने महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि तेथे थ्रो-इन करणाऱ्याला मागे सरकायला जागाच नसते. आदर्श सभागृहात क्वचितच लागणारे हे उपकलम आपल्याकडे रोजच्या वापराचे आहे, तरी ते सांगून खेळ सुरू करणारा पंच विरळाच.

पंच परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, शाळेत बास्केटबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी आणि मुलांच्या सामन्यांना नियमित जाणाऱ्या पालकांनी या दोन्ही पुस्तिका जरूर उतरवून घ्याव्यात, परंतु वाचनाचा क्रम बदलावा: आधी 11वे कलम, मग 23वे व त्याचे अर्थनिर्णय, मग 12वे, आणि त्यानंतरच 17वे व त्याचे अर्थनिर्णय. इंग्रजी सोपी आहे, वाक्ये आखूड आहेत, दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्याला अडचण येऊ नये. एकच काळजी घ्यावी. फिबाचे बदल गेल्या काही आवृत्त्यांत 1 ऑक्टोबरपासून लागू होत आले आहेत आणि 2024च्या नियमांनाही तीच तारीख आहे; जुन्या फायली व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरत राहतात, तेव्हा मुखपृष्ठावरील वर्ष आणि अर्थनिर्णयांची आवृत्ती एकमेकांशी जुळते की नाही हे पाहूनच मुद्रित प्रत काढावी.